निर्विवाद विजय : निकाली कुस्ती, मुष्टियुद्ध आणि साक्षीचा प्रश्न

प्रस्तावना

क्रीडाविषयक लेखनात 'निर्विवाद' हे विशेषण फार सैल हाताने वापरले जाते. मोठ्या गुणफरकाने मिळालेला विजय निर्विवाद, थोड्या वेळात मिळालेला विजय निर्विवाद, आणि आपल्या गावच्या मल्लाने मिळवलेला विजय तर निर्विवादच. मुष्टियुद्धाच्या इतिहासकारांत व रसिकांत हेवीवेट गटातील सर्वांत निर्विवाद विजय कोणता, याची चर्चा जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे. ज्याविषयी वाद असू नये त्याविषयीच इतका दीर्घ वाद चालावा, ही गोष्ट केवळ गमतीची नाही. या संकल्पनेत काहीतरी अनुत्तरित राहिले आहे, असा तिचा अर्थ होतो.

महाराष्ट्रात ही चर्चा रिंगणाभोवती न होता कुस्तीच्या फडाभोवती होते. बारामती व इंदापूर या तालुक्यांत जत्रेचा फड हा गावाच्या वार्षिक व्यवहाराचा भाग आहे. महाराष्ट्र केसरी किताबाच्या इतिहासात ही दोन गावे लागोपाठच्या वर्षी येतात. २००५ साली इंदापूर येथे सईद चाऊस आणि २००६ साली बारामती येथे अमोल बुचडे या किताबाचे मानकरी ठरले. त्यामुळे निर्विवाद विजय म्हणजे काय, हा प्रश्न या परिसरातील अभ्यासकांना परका वाटण्याचे कारण नाही. शिवाय २०२३ व २०२५ या वर्षांत महाराष्ट्र केसरीच्या लढतींनी जे वादंग निर्माण केले, त्यानंतर हा प्रश्न पारावरच्या गप्पांपुरता उरलेला नाही. तालमीत आयुष्याची दहा-पंधरा वर्षे घालवणाऱ्या तरुणाच्या श्रमाचे मोल कोण व कशाच्या आधारावर ठरवतो, असा तो प्रश्न आहे.

विजयाची निर्विवादता ही लढतीच्या अंगभूत गुणांतून निर्माण होत नाही, ती साक्षीतून निर्माण होते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. पाहणाऱ्यांची साक्ष, नोंदीची साक्ष आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे हरणाऱ्याची साक्ष, अशी तिची रूपे आहेत. ती नसेल तर पाठ टेकूनही कुस्ती निकाली होत नाही.

एकतर्फी, निकाली आणि निर्विवाद

या चर्चेतील पहिला गोंधळ शब्दांचा आहे. 'एकतर्फी', 'निकाली' आणि 'निर्विवाद' हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. वस्तुतः त्यांचे क्षेत्र वेगळे आहे. एकतर्फीपणा हा लढतीच्या ओघाचा गुण होय. निकालीपणा हा तिच्या शेवटाचा गुण होय. निर्विवादता ही मात्र लढत संपल्यानंतर सुरू होणारी गोष्ट आहे.

मुष्टियुद्धातील दोन उदाहरणांनी हा भेद स्पष्ट होतो. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फिया येथे रॉकी मार्सियानो याने जर्सी जो वॉलकॉट याचे विश्वविजेतेपद हिरावून घेतले. मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली पडला होता आणि बारा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याच्या उजव्या हाताचा एक ठोसा बसला आणि लढत संपली. ही लढत कोणत्याही अर्थाने एकतर्फी नव्हती, पण तिच्याइतका निकाली शेवट क्वचितच पाहायला मिळतो. याउलट २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडले. येथे ओघही एकतर्फी आणि शेवटही निकाली. सर्वांत निर्विवाद विजयांच्या याद्यांत ही लढत सहसा वरच्या जागी असते. पण यादी करणारा ओघाला गुण देतो की शेवटाला, हे तो सांगत नाही. मार्सियानोचा विजय त्या यादीत कोठे ठेवायचा, यावरचे मतभेद मग अटळ असतात.

आपल्याकडील फडाची भाषा या बाबतीत अधिक नेमकी आहे, असे म्हणावे लागेल. जत्रेच्या हस्तपत्रिकेवर 'निकाली कुस्ती' असे छापलेले असते तेव्हा कुस्ती एकतर्फी होईल असा दावा त्यात नसतो. ही कुस्ती चीतपटीवरच सुटेल, गुणांवर किंवा बरोबरीत सोडवली जाणार नाही, एवढीच हमी त्यात असते. 'निकाली' हे विजयाचे वर्णन नसून तो दोन मल्ल, त्यांचे वस्ताद आणि जत्रा कमिटी यांच्यातील करार आहे. या कराराला आर्थिक बाजूही आहे. कुस्ती बरोबरीत सुटली तर इनाम विभागले जाते किंवा घटते, निकाल लागला तर हरणाराही अगदी रिकाम्या हाताने जात नाही, पण नाव मात्र एकाचेच होते. प्रेक्षक उन्हात चार-चार तास बसतो तो या हमीसाठी. गुणांवर सुटलेल्या शेवटच्या कुस्तीनंतर फडातून उठणाऱ्या गर्दीची कुरकुर ज्याने ऐकली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको.

येथे एक आक्षेप संभवतो. गुणपद्धतीतही अतिशय स्पष्ट विजय असतात. फ्रीस्टाइल प्रकारात दहा गुणांची आघाडी मिळताच तांत्रिक श्रेष्ठत्वावर लढत थांबवली जाते. २०१८ साली जालना येथे बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांच्यावर ११–३ असा विजय मिळवला, त्यात शंकेला जागा कोठे होती? आक्षेप रास्त आहे. पण अशा विजयाची खात्री आपल्याला बेरजेतून मिळते, आणि बेरजेतील प्रत्येक आकडा हा कोणाचा तरी निर्णय असतो. फरक मोठा असला की त्यांतील एखाद-दुसऱ्या निर्णयाविषयीची शंका निरुपद्रवी ठरते, इतकेच. फरक कमी असेल तर तोच एक निर्णय सर्व काही ठरवतो.

गामा आणि झिबिस्को

एकाच जोडीच्या दोन लढती, एक अत्यंत विवाद्य व दुसरी अत्यंत निर्विवाद, असे उदाहरण शोधू गेल्यास गामा आणि स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्याइतके बोलके उदाहरण मल्लविद्येच्या इतिहासात मला आढळलेले नाही. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडन येथे दोघे भिडले. झिबिस्कोने बहुतेक सर्व वेळ जमिनीला चिकटून बचाव केला. अडीच तासांहून अधिक काळ चाललेली ती लढत अनिर्णीत राहिली. एका आठवड्याने पुन्हा भिडायचे ठरले, पण १७ सप्टेंबरला झिबिस्को आलाच नाही आणि गामाला विजयी घोषित करण्यात आले.

या विजयाला काय म्हणावे? नियमाच्या दृष्टीने तो पूर्ण होता. ओघाच्या दृष्टीने पहिली लढतही एकतर्फीच होती, आक्रमण करणारा एकच होता. तरीही हा विजय गामाच्या चाहत्यांनासुद्धा पुरेसा वाटला नाही. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. गामाची पन्नाशी तेव्हा जवळ येत चालली होती, झिबिस्कोही जवळजवळ त्याच वयाचा होता. ही कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली.

सर्वसाधारण समज असा की पतियाळाच्या विजयाने लंडनचा प्रश्न सोडवला. मला हे तितकेसे पटत नाही. अठरा वर्षांनी झालेल्या लढतीवरून अठरा वर्षांपूर्वीच्या लढतीचा निकाल लावता येत नाही, तर्काला ते धरून नाही. पण लोकमानसाने तसा निकाल लावला हे खरे, आणि का लावला हे पाहण्यासारखे आहे. लंडनला जे पाहायला मिळाले नाही ते पतियाळाला हजारोंच्या डोळ्यांदेखत घडले. लोकांना पुरावा नको होता, दृश्य हवे होते. निर्विवादतेच्या कल्पनेत दृश्यमानतेचा वाटा किती मोठा आहे, ते येथे कळते. कोल्हापुरात १९१२ साली छत्रपती शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान पाहताना हाच विचार मनात येतो. मध्यभागी आखाडा आणि भोवती वर चढत जाणारी बैठक. कोठूनही पाहिले तरी हौदा दिसतो. त्या बांधकामाने प्रत्येक प्रेक्षकाला साक्षीदार करून ठेवले आहे.

पाठीला माती

'पाठीला माती लागली नाही' हा मराठीतील वाक्प्रचार अपराजित राहण्याचा पर्याय बनला आहे. त्यात एक भौतिक कल्पना गृहीत आहे. माती हाच पुरावा. हरलेल्याच्या पाठीवर ती चिकटते, सगळ्या गावाला दिसते, आणि मग पंचाची गरज उरत नाही. गादीवरील कुस्तीत असा कोणताही खुणेचा पुरावा मागे राहत नाही, म्हणून तेथे वाद होतात, मातीत ते होत नसत, असे अनेक जुने वस्ताद सांगतात. हे मत इतक्या वेळा ऐकू येते की त्याची तपासणी करणे भाग आहे.

तपासणीत ते टिकत नाही. मातीतील मल्ल सलामीनंतर परस्परांच्या अंगावर माती टाकतात, घामावर पकड बसावी म्हणून पाठ-खांद्यांवर माती चोळतात. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली ती माती पहिल्या दोन-तीन मिनिटांत सर्वांगाला लागलेली असते. पाठीवर ती पडल्यामुळे लागली की चोळल्यामुळे, हे सांगण्याचे साधन नाही. शिवाय मातीत खांदे रुततात, धूळ उडते, दोन्ही मल्ल एकाच वेळी उलटतात. फडातील 'कोण खाली, कोण वर' यावरून उसळलेल्या गोंगाटाच्या, हलगी थांबवून कुस्ती पुन्हा लावल्याच्या कथा कोणत्याही गावात ऐकायला मिळतील. शिवाय नुरा कुस्ती हा शब्दही मातीनेच दिला. आधी ठरवून केलेली चीतपट ही दिसायला सर्वांत स्वच्छ असते. पाठ टेकते, दोन्ही खांदे टेकतात, कोणालाही शंका राहत नाही, आणि तरीही काही घडलेलेच नसते. २५ मे १९६५ रोजी लुइस्टन येथे मुहम्मद अली याने सॉनी लिस्टनला पहिल्याच फेरीत पाडले, तो ठोसा खरोखर लागला होता काय, यावर आजही एकमत नाही. चीतपट झाली हे सर्वांनी पाहिले आणि ती कशाने झाली हे फारच थोड्यांनी पाहिले, असा तो प्रकार होता.

तेव्हा मातीचा काळ हा निर्विवाद विजयांचा सुवर्णकाळ होता हे मत स्मरणरंजनाचे आहे. मातीत वाद कमी असतील तर त्याचे कारण मातीत शोधू नये. फडात बसलेले लोक स्वतः कधीतरी लंगोट लावलेले होते, ढाक कोणती आणि कलाजंग कोणती हे त्यांना कळत होते, आणि निवाडा देणारे वस्ताद त्यांच्याच पंचक्रोशीतले होते. जाणत्या प्रेक्षकाची साक्ष हे त्या काळाचे खरे भांडवल होते. ते आता विरळ होत चालले आहे, गादीमुळे नव्हे.

आंतरराष्ट्रीय नियमांनी चीतपटीची व्याख्या अधिक काटेकोर केली आहे. दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला टेकलेले हवेत आणि प्रतिस्पर्ध्याचे पूर्ण नियंत्रण पंचाला दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहायला हवेत. शिवाय आतील पंचाने चीतपट दिली तरी बाजूचा पंच किंवा मॅट चेअरमन यांपैकी एकाची संमती लागते. म्हणजे जी घटना स्वयंसिद्ध मानली जाते तिलाही दोन माणसांचे एकमत हवे. मुष्टियुद्धातील दहा आकड्यांची मोजणीही अशीच. एक ते दहा मोजणे याहून वस्तुनिष्ठ काय असणार? तरीही २२ सप्टेंबर १९२७ च्या डेम्प्सी–टनी लढतीत टनी पडला असता डेम्प्सी ठरलेल्या कोपऱ्यात वेळेवर गेला नाही, म्हणून पंचाने मोजणी उशिरा सुरू केली आणि टनीला सुमारे चौदा सेकंद मिळाले. तो उठला आणि जिंकला. मोजणी बरोबरच होती, पण सुरू कधी करायची हा निर्णय होता.

याच संदर्भात एक विस्मृतीत गेलेला नियम आठवतो. इंदापूर व बारामतीची अधिवेशने झाली त्याच काळात, २००५ पासून, आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीत दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची पद्धत आली. एखादी फेरी शून्य-शून्य राहिली तर पिशवीतून रंगीत चेंडू काढला जाई, आणि ज्याच्या रंगाचा चेंडू निघेल त्याला प्रतिस्पर्ध्याचा पाय पकडून सुरुवात करण्याचा हक्क मिळे. व्यवहारात बहुधा तोच ती फेरी जिंके. वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा निकाल चिठ्ठीवर आणून ठेवणारी ही पद्धत २०१३ पर्यंत टिकली. त्या वर्षी फेब्रुवारीत ऑलिंपिकच्या मुख्य क्रीडाप्रकारांतून कुस्तीला वगळण्याची शिफारस झाली तेव्हा जागतिक संघटना जागी झाली, नियम बदलले आणि सप्टेंबरमध्ये कुस्ती परत घेतली गेली. निकाल प्रेक्षकाला समजत नसेल तर खेळच धोक्यात येतो, याचा एवढा ढळढळीत दाखला दुसरा नसेल.

तीन रकान्यांची यादी

येथवर पाहणाऱ्यांच्या साक्षीचा विचार झाला. आता नोंदीचा. महाराष्ट्र केसरीच्या मानकऱ्यांची यादी सर्वत्र छापली जाते, १९६१ साली औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे किताब मिळवणाऱ्या दिनकर दह्यारी यांच्यापासून पुढे. तिच्यात साधारणपणे तीन रकाने असतात : साल, ठिकाण, मल्लाचे नाव. काही वर्षांपुढे 'अनिर्णीत' असा शेरा आहे. इंदापूर २००५, सईद चाऊस. बारामती २००६, अमोल बुचडे. एवढेच.

या यादीत हरलेला मल्ल नाही. किती मिनिटांत, कोणत्या डावावर, चीतपट की गुणांवर, हेही नाही. ज्या परंपरेने 'निकाली' या शब्दाला एवढे मूल्य दिले त्या परंपरेच्या अधिकृत स्मरणात कोणता विजय निकाली होता हे नोंदलेलेच नसावे, हा विरोधाभास मला या विषयातील सर्वांत गंभीर वाटतो. मुष्टियुद्धाची नोंद याहून फार वेगळी आहे. प्रतिस्पर्धी, ठिकाण, तारीख, फेरी, त्या फेरीतील मिनिट-सेकंद आणि निकालाचा प्रकार असा सर्व तपशील तेथे शंभर वर्षांमागचाही मिळतो. २२ जून १९३८ ची जो लुई–मॅक्स श्मेलिंग लढत १२४ सेकंदांत संपली, २७ जून १९८८ ची टायसन–स्पिंक्स लढत ९१ सेकंदांत, हे आकडे रसिकांना पाठ असतात. तेथे सर्वांत निर्विवाद विजय कोणता हा वाद घालता येतो, कारण वाद घालायला सामग्री आहे. आपल्याकडे हरिश्चंद्र बिराजदारांनी बेळगावात सतपालला पाडले, हे जुन्या माणसांच्या तोंडून आपण ऐकतो, आणि ती माणसे गेली की ऐकणेही संपते. वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत तपशील येतो खरा, पण तो दुसऱ्या दिवशीच रद्दीत जातो.

नोंद नसण्याचा परिणाम केवळ इतिहासापुरता नाही. हेलसिंकी येथे १९५२ साली खाशाबा जाधव यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. जपानचा शोहाची इशी याच्याकडून ते हरले, आणि पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव याच्याशी खेळायला लावले, असे सांगितले जाते. हा अन्याय महाराष्ट्राच्या स्मृतीत घट्ट बसला आहे. पण त्याविषयी तेव्हा तेथे दाद मागितली गेली नाही आणि त्यामुळे अधिकृत दप्तरात उरला तो फक्त निकाल. स्मृती आणि दप्तर यांची अशी ताटातूट झाली की पुढच्या पिढीला दोहोंपैकी एकावर विश्वास ठेवावा लागतो.

कुस्ती एक, केसरी दोन

२०२३ सालचा घटनाक्रम या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. जानेवारीत पुणे येथील स्पर्धेत माती विभागात सिकंदर शेख व महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत 'बाहरली टांग' या डावावर गायकवाड यांना दिलेल्या चार गुणांवरून मोठा वाद झाला. डाव पूर्ण बसला होता काय, चार गुण योग्य की कमी, हा तो वाद. अंतिम लढतीत शिवराज राक्षे यांनी गायकवाड यांना हरवून किताब घेतला. नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे शेख यांनी राक्षे यांना झोळी डावावर अवघ्या काही सेकंदांत चीतपट केले. ही कुस्ती पाहणाऱ्या कोणालाही निकालाविषयी शंका घेता आली नाही. जानेवारीचा हिशेब नोव्हेंबरमध्ये चुकता झाला, अशी भावना तेव्हा सर्वत्र होती. पण जानेवारीत शेख यांच्यासमोर गायकवाड होते, राक्षे नव्हते. गामा–झिबिस्को प्रकरणातील तर्कदोष येथे अधिकच ठळक होतो. निर्विवाद विजयात एक विलक्षण शक्ती असते. ज्याच्याशी त्याचा संबंध नाही तो वादही तो मिटवल्यासारखा दाखवतो.

आणि हा निर्विवाद विजयही अपुरा होता, कारण त्याच महिन्यात धाराशिव येथे दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तेथे राक्षेच विजयी झाले. २०२५ साली पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगर येथे पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये त्याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके. एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी झाले. कुस्ती निर्विवाद असूनही पद विवाद्य राहू शकते, ही गोष्ट मुष्टियुद्धाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तेथे चार संघटनांचे चार पट्टे असतात आणि चारही एकाकडे आले की त्याला 'निर्विवाद विजेता' म्हणतात. म्हणजे तेथे हा शब्द कार्यालयीन झाला आहे. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे ओलेक्सांद्र उसिक याने टायसन फ्यूरीला हरवून १९९९ नंतर प्रथमच हेवीवेट गटाचे असे विजेतेपद मिळवले, पण तो निर्णय तीन पंचांपैकी दोघांच्या मतावर उभा होता. विजेता निर्विवाद, विजय विवाद्य! आपल्या दोन केसऱ्यांपेक्षा ही अवस्था बरी की वाईट, याचा निवाडा वाचकांनीच करावा. मला व्यक्तिशः आपली अवस्था अधिक खेदजनक वाटते. त्यांच्याकडे चार संघटना बाजारपेठेच्या ओघात आल्या. आपल्याकडे एका मातीच्या दोन वाटण्या झाल्या, आणि त्यांचा भार मल्लांनी उचलला.

अहिल्यानगरच्या स्पर्धेत गादी विभागात मोहोळ व राक्षे यांच्या लढतीत पंचांनी चीतपट दिली. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. प्रकरण पंचांवर हात-पाय उचलण्यापर्यंत गेले. अंतिम लढतीत गायकवाड यांनी एका गुणाच्या निर्णयावरून मैदान सोडले. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर करण्यात आली. पंचावर हल्ला असमर्थनीय आहे, याविषयी दुमत असू नये. परंतु शिस्तभंगाची चर्चा जितकी झाली तितकी मूळ प्रश्नाची झाली नाही. चीतपट हा कुस्तीतील असा निर्णय आहे की जो लढत तेथेच संपवतो. गुणाची चूक पुढच्या दोन मिनिटांत भरून काढता येते, चीतपटीची चूक भरून काढायला वेळच उरत नाही. म्हणून दाद मागण्याची सर्वांत भक्कम सोय चीतपटीसाठी हवी. पण चीतपट स्वयंसिद्ध असते या जुन्या श्रद्धेमुळे तिच्याबाबतीतच ती सर्वांत दुबळी राहते. त्या रात्री प्रत्येकाच्या मोबाइलवर ते दृश्य संथ गतीने फिरत होते आणि प्रत्येक जण त्यात वेगळे काहीतरी पाहत होता. छायाचित्रण वाढले म्हणून वाद घटला नाही. प्रेक्षक साक्षीदार होता, तो पंच झाला.

हरणाऱ्याची साक्ष

ज्याची पाठ टेकली त्याला ते सर्वांच्या आधी कळते. कॅमेऱ्याच्या आधी, पंचाच्या आधी. फडात हरलेला मल्ल उठून विजेत्याचा हात स्वतःच वर करतो, तेव्हा वाद तेथेच संपतो. ही केवळ खिलाडूवृत्ती नव्हे, ती ज्ञानाची बाब आहे. जाणणाऱ्याने दिलेली ती जबानी असते.

अर्थात ही साक्षही लगेच मिळेल असे नाही. १९३८ च्या त्या १२४ सेकंदांइतका स्पष्ट विजय कल्पनेतही आणणे कठीण. पण पराभवानंतर श्मेलिंगच्या बाजूने तक्रार होती की पाठीकडे मूत्रपिंडावर बसलेला ठोसा नियमबाह्य होता. तो ठोसा इतका जबर होता की त्याच्या मणक्याला इजा झाली व त्याला रुग्णालयात राहावे लागले. लढतीमागे नाझी जर्मनीचे राजकारण होते, मान्यता देणे त्याच्या एकट्याच्या हातात नव्हते. पुढे युद्ध झाले, राजवट गेली. श्मेलिंग व लुई यांची मैत्री झाली, आणि १९८१ साली लुई वारला तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चाला श्मेलिंगने हातभार लावला. उतारवयात तर तो पराभव झाला हे एका परीने बरेच झाले, अशा आशयाचे तो बोलला. जिंकलो असतो तर त्या राजवटीने आपले काय केले असते, याची त्याला जाणीव झाली होती. म्हणजे त्या विजयाला निर्विवाद व्हायला सेकंद १२४ लागले नाहीत, काही दशके लागली.

काळ उलट दिशेनेही काम करतो. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे जॅक डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडले. हाही एक निर्विवाद मानला गेलेला विजय. १९६४ साली डेम्प्सीच्या माजी व्यवस्थापकाच्या नावे असा मजकूर प्रसिद्ध झाला की त्याच्या हातांवरील पट्ट्यांत प्लास्टर मिसळले होते. डेम्प्सीने न्यायालयात दाद मागितली. दावा खोटा असण्याचीच शक्यता अधिक मानली जाते, परंतु पंचेचाळीस वर्षे शांत असलेला विजय त्यानंतर पूर्वीसारखा शांत राहिला नाही.

या पार्श्वभूमीवर आपल्या परिसरातील महाविद्यालयांकडे एक काम आपसूक येते. शारीरिक शिक्षण, इतिहास आणि मराठी हे तीन विभाग मिळून ते करू शकतील. जत्रा कमिट्यांच्या जुन्या हस्तपत्रिका, इनामाच्या वह्या, स्थानिक साप्ताहिकांची कात्रणे अजून गावोगावी कोणाच्या तरी पेटीत आहेत. तीन रकान्यांच्या यादीला चौथा, पाचवा, सहावा रकाना जोडता येईल : समोर कोण होता, कोणता डाव बसला, कितव्या मिनिटाला. इंदापूर व बारामतीच्या अधिवेशनांत जे मल्ल उतरले ते आज साधारण चाळिशी-पन्नाशीत आहेत. कोणी शेती पाहतो, कोणी तालीम चालवतो. त्यांच्या मुलाखती घेताना कोण जिंकले हे विचारण्याची गरज नाही, ते यादीत आहे. हरलेल्यांकडे आधी जावे, आणि पाठ टेकली हे आपल्याला नेमके कधी कळले, एवढेच त्यांना विचारावे.